मांजरसुंब्यावर मोजलेले एक हजार फोन

३ नोव्हेंबर, सकाळी ९
दुकान उघडलं. उदबत्ती लावली. आजपासून रोजनिशी लिहायची. दुकानदार पुष्कळ असतात, मार्केट समजणारा एखादाच.

विषय ठरला: अँड्रॉइड की आयफोन. कस्टमायझेशन, विक्री आणि पुढचं भविष्य. असा अभ्यास बीड जिल्ह्यात कुणी केला असेल असं वाटत नाही. मांजरसुंब्याच्या चौकात 'तेजश्री मोबाईल' हे आपलं दुकान, शेजारी सर्जेरावचा ढाबा, आणि चारी दिशांच्या गाड्या इथं चहाला पंधरा मिनिटं थांबतात. सँपल आपल्या पायानं चालत येतं.

वनमाला पोरीला, तेजश्रीला, घेऊन भाऊबीजेला घाटनांदूरला गेलीय. जाताना म्हणाली, न्यायला या, माझी मी येणार नाही. बरोबर आहे, माहेरी गेलेल्या बाईला न्यायला नवऱ्यानं जायचं ही रीतच आहे. रविवारी जाईन.

६ नोव्हेंबर
सर्व्हेची वही केली. रकाने चार: फोन कोणता, कव्हर, ग्लास आणि 'बदलेल का'. शेवटचा रकाना महत्त्वाचा. आजचं गिऱ्हाईक उद्या पार्टी बदलेल का, हे ज्याला कळलं त्याला सगळं कळलं.

नियम एकच. माणसाच्या तोंडाकडं बघायचं नाही, हातातल्या फोनकडं बघायचं. तोंड बघितलं की अंदाज चुकतो.

आजचे नमुने ३१. अँड्रॉइड ३०, आयफोन १. तोही पुण्याच्या गाडीतला.

९ नोव्हेंबर, रविवार
गेलो नाही. रविवारी गाड्या जास्त असतात, सँपल बुडालं असतं. पुढच्या रविवारी.

१५ नोव्हेंबर
मुख्य मुद्दा लिहून काढला. अँड्रॉइड म्हणजे आपलं घर. आयकॉन बदला, फॉन्ट बदला, डावीकडचं घड्याळ उजवीकडं न्या. आयफोन म्हणजे लॉजवरची खोली, खाटसुद्धा आपल्या मनानं हलवायची नाही. आपल्या भागात हे चालणार नाही. अंदाज: २०३० पर्यंत आयफोन शंभरात दोन.

कस्टमायझेशनवरूनच वनमाला रागावली, तेही नोंद म्हणून लिहून ठेवतो. दिवाळीच्या आधी चार दिवस. ती करंज्या लाटता लाटता काहीतरी सांगत होती. मी नवीन आयकॉन पॅक टाकत होतो. मी म्हणलो, हं, छान. तिनं विचारलं, मी काय म्हणाले? मी म्हणलो, करंज्यांचं. तिनं कढई चढवली. करंज्या तळल्या. एवढंच. एवढ्यावर कुणी रुसतं का?

काय म्हणाली असेल ते आठवून बघितलं. आठवत नाही.

२४ नोव्हेंबर
युसूफ वडगाव या गावच्या बायनाबाई गाडी बदलायला उतरल्या, दुकानात आल्या. त्यांना सांगितलं, मावशी, तुमच्या फोनमध्ये बत्तीस थीम आहेत, पाहिजे ती लावून देतो. त्या म्हणल्या, आतलं ऱ्हाऊ दे बाबा, मागच्या कव्हरवर माझ्या म्हशीचा फोटो टाकून दे, आतलं कोण बघतंय. टाकून दिला. म्हैस चांगली आली. पण कस्टमायझेशनची जाण आपल्या भागात अजून कच्ची आहे.

काल रविवार होता. लक्षात राहिलं नाही.

४ डिसेंबर
वनमालाला रोज सकाळी सहाला गुड मॉर्निंग पाठवतो. तिचा फोन मीच सेट करून दिलेला, उघडला की आमच्या तिघांचा फोटो. मेसेजला दोन निळ्या टिका येतात. काल हात जोडलेले आले होते, आज अंगठा आला. घरी असताना तिनं मला कधी हात जोडले नव्हते. राग उतरत चाललाय.

मी फोन लावत नाही. फोनवर माणूस काहीही बोलून जातो. मेसेजमागं विचार असतो.

१२ डिसेंबर
सर्जेराव चहा देताना म्हणला, कावून जात न्हाईस बे घाटनांदूरला, अडीच घंट्याचा तर रस्ता हाय. मी म्हणलो, सर्व्हे अर्धवट आहे. तो म्हणला, बायको काय तुझं सँपल हाय का, आपसूक चालत यायला? माझी असती तर दुसऱ्याच दिवशी गेलो असतो, चार शिव्या खाल्ल्या असत्या आन् घेऊन आलो असतो. सर्जेरावला डेटा समजत नाही. त्याच्या फोनची काच दोन वर्षांपासून फुटलेली आहे.

ढाब्यावरूनच भाकरी आणली. दारात तेजश्रीची एकच चप्पल आहे. दुसरी कुठं गेली कळत नाही. शोधली नाही. हल्ली कशाचं काही वाटत नाही. ते चांगलंच आहे, अभ्यासाला डोकं शांत लागतं.

१९ डिसेंबर
वनमालाचा मेसेज. पहिल्यांदाच शब्द. 'तेजश्रीचा शाळेचा दाखला पाठवा.' तीनदा वाचला. आधारमध्ये काही दुरुस्ती असेल.

२२ डिसेंबर
शाळेत गेलतो. सत्यशीला मॅडम तेजश्रीच्या वर्गशिक्षिका. त्यांनी दाखला तयारच ठेवला होता. म्हणाल्या, इथं सही करा. केली. वर 'शाळा सोडल्याचा' असं छापलेलं होतं. छापील फॉर्म सगळ्यांना एकच देत असतील.

मग त्या म्हणाल्या, अभिनंदन हं, एवढ्या वर्षांच्या कष्टाचं चीज झालं. जरा बरं वाटलं. कालच सर्व्हेचे एक हजार फोन पूर्ण झाले आणि मी कुणाला बोललोही नव्हतो. सर्जेरावनं सांगितलं असेल. मी म्हणलो, खरं काम तर आता पुढं आहे. त्या म्हणाल्या, हो ना, पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. समजूतदार बाई.

दाखला पाकिटात घालून अंबाजोगाईच्या गाडीत कंडक्टरकडं दिला आणि घाटनांदूरला तसा निरोप पाठवला. मला स्वतःला जाता आलं असतं. पण एकच सीट रिकामी होती, शेवटची, तिथं लई हादरे बसतात.

१ जानेवारी
संकल्प. एक, फोन कमी वापरायचा. दोन, घाटनांदूर. तीन, अहवाल छापून घ्यायचा, मुखपृष्ठावर चौकाचा फोटो.

सकाळी ११
पहिला मोडला. संकल्प फोनमध्येच लिहिले होते, ते बघायला फोन काढावा लागला.

आज तीन पोरं आयफोनला कव्हर घ्यायला आली. तिघंही इथलीच. एकाला विचारलं, त्यात बदलायला काय मिळतं? तो म्हणला, बदलायचं कावून, दिसतोय की लोकांना. अंदाज सुधारला: शंभरात दोन नाही, बारा.

५ जानेवारी
सकाळची पाटोद्याची गाडी, केजवरून आलेली. नमुने १२. अँड्रॉइड १०, आयफोन १, बटनाचा १. बटनाचा खिडकीत, बाईच्या हातात. झाकण निघू नये म्हणून काळं रबर लावलेलं. तोंडाला स्कार्फ. सवयीनं खालून विचारलं, ताई, ग्लास बसवायचा का? त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं. बटनाच्या फोनला ग्लास बसत नाही हे माझ्या नंतर ध्यानात आलं. 'बदलेल का' मध्ये 'नाही' लिहिलं.

दुपारी एक चार्जर गेला.

१४ जानेवारी, संक्रांत
वनमालाला तिळगुळाचं स्टिकर पाठवलं. हात जोडलेले आले. सर्जेरावच्या बायकोनं तिळाच्या वड्या पाठवल्या. वनमाला वेलची जास्त घालते. एकच खाल्ली.

नेकनूरचा बजरंग त्याचा जुना आयफोन विकायला आला. मीच घेतला, वनमालासाठी. अभ्यासाचा निष्कर्ष अँड्रॉइडचाच आहे, पण घरासाठी विचार वेगळा. आयफोनमध्ये बदलायला फार काही नाही, म्हणजे मी तो घेऊन बदलत बसणार नाही. ती बोलेल तेव्हा माझं डोकं मोकळं असेल. तेजश्रीसाठी चपलांचा जोड घेतला. माप अंदाजानं.

रविवारी जाणार. या वेळी नक्की.

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळी ६
गेलतो.

सासरे विठ्ठलराव ओसरीवर बसलेले. पाणी दिलं, चहा दिला, पोहे दिले. म्हणले, बरं झालं आलात जावईबापू, ह्या फोनातलं अक्षर लई बारीक हाय, तेवढं मोठं करून द्या. फोन वनमालाचा. उघडला, आमच्या तिघांचा फोटो.

विचारलं, वनमाला कुठं आहे? म्हणले, तुमाला ठावं न्हाई? ती पाच तारखेला पाटोद्याकडच्या शाळेवर हजर झाली की. तेजश्रीचं नाव बी तितंच घातलं. मास्तरच्या भरतीत दिवाळीआधीच नाव लागलं न्हवं का तिचं. म्हणत होती, सगळ्यात आधी तुमालाच सांगितलं.

करंज्या लाटत होती. मी म्हणलो होतो, हं, छान. त्या परीक्षेला ती दोनदा बसली होती. हॉलतिकिटाची प्रिंट मीच काढून दिलेली.

फोन तिनं दिवाळीतच त्यांना देऊन टाकला होता आणि त्यांचा बटनाचा घेतला होता. म्हणली, दादा, मला बोलण्यापुरता बास हाय. माझा सकाळचा मेसेज ते पूजा झाल्यावर बघतात. म्हणले, तुमी रोज आठवण काढता, मला बरं वाटतं, म्हणून मी अंगठा दाबतो. दाखल्याचं वनमालानं सांगितलं, त्यांनी लिहिलं. बटनाच्या फोनचा नंबर माझ्याकडं लग्नापासून आहे. या तीन महिन्यांत एकदाही लावला नाही.

मग ते हसायला लागले. म्हणले, तेजश्री फोनवर सांगत होती, आमची गाडी पप्पांच्या दुकानापुढं थांबली, पप्पा खिडकीखाली आले आन् मम्मीला म्हणले, ताई, ग्लास बसवायचा का? पोरगी हाक मारणार होती. वनमाला तिला म्हणली, थांब, वर बघतात का बघू.

मी अक्षर मोठं करून दिलं. सगळ्यात मोठं. नीट दिसतंय का बघायला त्यांनी माझाच आजचा मेसेज मोठ्यानं वाचला. सुप्रभात, आजचा दिवस आनंदात जावो. लई वाईट वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे.

चपला तिथं ठेवल्या. आयफोन परत आणला.

१९ जानेवारी, सकाळी १०.३०
वही काढून बघितली. ५ जानेवारी, नमुना ११४३. बटनाचा. काळं रबर. 'बदलेल का': नाही. पेनानं लिहिलंय, खोडलं तर कागद फाटेल.

पाटोद्याची गाडी वेळेवर आली. इथून तासाभराचा रस्ता. आज मागं बऱ्याच सीटा रिकाम्या होत्या, मधल्या पण. सर्जेराव ढाब्यातून हातानं खुणावत होता, बस म्हणून. गाडी पंधरा मिनिटं थांबून गेली. नमुने ९. या वेळी तोंडंही बघितली. सगळे अँड्रॉइड.