धाकटीच्या नावाची नदी

नाना, तुमच्या धाकटीची नदी आता ज्ञानकोशात आली आहे. कागदी नव्हे, इंटरनेटवरच्या, ज्यात आपल्यासारखी साधी माणसंच लेख लिहितात. निवृत्त झाल्यापासून मी त्यात खानदेशातल्या नद्यांवर लिहिते: नदी कुठून निघते, कुणाला मिळते, नाव काय, आणि हे सगळं कशावरून. छापील संदर्भ नसला की वाक्य उडवते, त्यात कुणाची गय नाही. परवा एरंडोलजवळच्या त्या ओढ्यावर कुणीतरी लिहिलेला नवा लेख दिसला. वर ठळक अक्षरांत बहिणीचं नाव आणि पुढे 'नदी'. खाली तीन संदर्भ. सरकारी अहवालानं नाव पुलावरच्या पाटीवरून घेतलंय, बातमीनं अहवालावरून आणि पुस्तिकेनं बातमीवरून. पाटी तुम्ही रंगवलेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तुम्ही बांधकाम खात्यात पेंटर. पुलांवर नद्यांची नावं लिहायची. त्या ओढ्याला नावच नव्हतं. अलीकडचे लोक त्याला पलीकडच्या गावाचा नाला म्हणायचे, पलीकडचे अलीकडच्या गावाचा, आणि साहेब तर दुसऱ्या दिवशी पूल बघायला येणार होते. संध्याकाळी आई भाकरी थापते आहे, आम्ही दोघी चुलीपाशी. तुमच्या हातांना टर्पेंटाइनचा वास. तुम्ही धाकटीला मांडीवर ओढून घेता आणि म्हणता, "तुनं नाव लिखी उनू पुलवर." आई वर न बघताच विचारते, "आन मोठीनं?" तुम्ही हसता. "मोठीनं नाव लांबडं शे. पाटी न्हानी व्हती." मी ते खरं मानलं, नाना. कितीतरी वर्षं मला माझ्या नावाचाच राग येत होता. परवा लेख वाचल्यावर मुद्दाम बस धरून त्या पुलावर गेले. रंग उडालाय, पण अक्षरं तुमचीच, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चांगली वीतभर जागा मोकळी आहे. माझं नाव आरामात बसलं असतं.

तिथूनच धाकटीला नाशिकला फोन लावला. तुझी नदी ज्ञानकोशात आली म्हटलं. ती म्हणाली, "हाव का अक्का? पानी शे का तिले आजून?" आणि लगेच नातवाच्या खोकल्यावर गेली. तिला त्याचं काहीच नाही. न मागता मिळालं, म्हणून ठेवलंय कुठेतरी कोपऱ्यात. मी मात्र उतारवयात दुसऱ्यांच्या नद्यांची नावं तपासत बसले.

घरी आल्यावर त्या लेखाच्या चर्चापानावर खरं ते लिहून टाकलं. हे नाव परंपरेनं आलेलं नाही, रंगवणाऱ्यानं आपल्या मुलीचं लिहिलं, मी त्याच घरातली आहे, तेव्हा शीर्षक बदलावं. सकाळी धुळ्याच्या एका संपादकाचं उत्तर आलं होतं. पोरगा असेल पंचविशीतला. "मॅडम, घरी ऐकलेलं चालत नाही. छापील संदर्भ असेल तर द्या. हा नियम मला तुम्हीच शिकवला." अगदी नम्रपणे. मी त्याच्यावर चिडूही शकले नाही. आता याला संदर्भ म्हणजे एकटे तुम्ही, आणि तुम्हाला कुठून आणू? आईही नाही. तिची नदी तिच्याच नावानं राहिली.

हे पत्र कुठे टाकायचं, ते मला माहीत नाही. पण एक सांगते, नाना. चर्चापानावर मी खरेपणाचा आव आणला होता. त्या पाटीवर माझं नाव असतं, तर मी तोंडातून अवाक्षर काढलं नसतं. उलट चौथा संदर्भ शोधून आणला असता.