सोहेलच्या ताटातला भात

१५ फेब्रु.
सोहेल आला. दारातून आधी खांदे, मग पोरगा. गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, पण स्वतःच्या पायांनी चालत आला, अल्लाचा शुक्र. पलंगाची फळी पहिल्याच दुपारी मोडली. आता हॉलमध्ये जमिनीवर दोन गाद्या.
शेजारच्या शिर्केवहिनींनी विचारलंच, "सात वर्षं अमेरिकेत फुटबॉल खेळतोय, गोल किती केले?"
एकही नाही. तिकडचा फुटबॉल वेगळा, हाताने फेकायचा, आणि हा लाइनमन. बॉलला हात लावायचा नाही, बॉल फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून धडका खायच्या.
"अगंबाई, मग पगार कशाचा?"
मलाही कुठे कळलंय!

१९ फेब्रु.
रोजे सुरू. टीमचा हुकूम आहे, एकशे चाळीस किलोच्या खाली यायचं नाही, सहा वेळा खा. हा म्हणतो, "अम्मी, धिस इयर मी सगळे रोजे ठेवणार. घरी आहे ना."
तोंडावर काळजी दाखवली. मनात म्हटलं, उतरू दे. वजन गेलं की खेळ सुटेल, गुडघा तरी राहील.

२८ फेब्रु.
सहा किलो गेले. इफ्तारनंतरचं जेवण मी हात राखून वाढतेय. रत्नागिरीची बाई पोराला भात मोजून वाढते! माझ्या आईने पाहिलं असतं तर...

६ मार्च
बॉल फेकणाऱ्याचा व्हिडिओ कॉल. सीझन संपला की तो आपल्या लाइनमनांना भेट देतो, त्यांच्यात रीतच आहे. सोहेलचं नवं घड्याळ त्याचंच. मला म्हणाला, "मॅडम, मी आज धड चालतोय तो तुमच्या मुलामुळे."
थँक्यू म्हटलं आणि किचनमध्ये जाऊन रडले. त्याचीही आई असेलच कुठेतरी. कुणाचा पोरगा माझ्या पोरामुळे शाबूत आहे, एवढं मोठं देणं अल्लाने आमच्या घराला दिलं.
मग राहवलं नाही. सोहेलला सांगून टाकलं, मुद्दाम कमी वाढत होते.
"आय नो, अम्मी. मी पण जास्त भात मागितला नाही ना."

११ मार्च
टीमचा मेल. ईद झाली की तपासणीला या, पुढचं मग ठरवू. हे गॅरेजमधून आले, मेल वाचून घेतला, म्हणाले, "त्याचं त्याला ठरवू दे."
पण तो मलाच विचारतो. "तू सांग, जाऊ?"
नको म्हणायचं महिनाभर ठरवून ठेवलेलं. तोंडातून निघेना.
असरच्या नमाजनंतर दुआला हात उचलले. जाऊ दे मागू की राहू दे, सुचेना. नुसता शुक्र म्हटला आणि उठले. तो दाराशी उभा होता. "काय मागितलंस?"