शेवटची एकोणीस पानं

प्रिय चष्मिस,

दोन महिने लिहीन लिहीन म्हणत होते आणि रागापायी लिहिलं नाही. राग अजून गेलेला नाही, पण दिवस संपत आलेत, म्हणून नाक मुठीत धरून बसलेय.

तुझ्या संस्थेने आमच्या आठवीला गोष्टीच्या पुस्तकाच्या बेचाळीस प्रती दिल्या, तेव्हा पहिला फोन तुलाच केला होता. बेचाळीस मुलं, बेचाळीस प्रती! एरवी आमच्याकडे एका पुस्तकावर तीन डोकी वाकतात. मधल्याला ओळी दिसतात आणि कडेच्या दोघांना मधल्याचे कान. त्या दिवशी ज्याच्या त्याच्यापुढे आपापलं पुस्तक होतं. मागच्या बाकावरची आमची बडबडी पोर, जिला सगळे वटवट म्हणतात, तीसुद्धा तासभर गप्प बसली, यावरून काय ते समज.

तू मला ओळखतेसच. वसतिगृहात तू माझ्या वहीवर तेलाचा डाग पाडलास म्हणून आठवडाभर अबोला धरणारी मी. मी नियम केले. नळावर हात धुवायचे, पुरते वाळवायचे, मगच कपाट उघडणार. थुंकी लावून पान उलटायचं नाही, उघडं पुस्तक पालथं घालायचं नाही, घरी न्यायचं नाही. पोरांनी उलट माझ्यावर एक नियम लादला: सगळे एकाच पानावर राहायचे, पुढे कुणीही वाचायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. मी तो पाळला. एकशे बारा पानं झाली होती. गोष्टीतला नावाडी परतलेला नाही आणि त्याची मुलगी एकटीच त्याला शोधायला निघाली आहे.

तिथेच तुमचा तपासनीस आला. भला माणूस होता, घाईत होता. त्याने कपाटातली पाच-सहा पुस्तकं चाळली आणि म्हणाला, "अगदी कोरी करकरीत आहेत हो." मला वाटलं, कौतुक करतोय. मी छाती फुगवून म्हटलं, "मग! एक पान दुमडलेलं दाखवा." त्याने खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि चहाही न घेता गेला. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ना, ते मी हसत हसत केलं.

आठ दिवसांत पत्र आलं. पुस्तकं वापरात नसल्याने गरजू शाळेकडे वळवण्यात येत आहेत. पत्राखालची सही मला वाचावी लागली नाही. तिचा सराव तू माझ्याच वहीच्या मागच्या पानांवर केला होतास. गठ्ठ्यातलं एक पत्र म्हणून तू न वाचता सही केलीस, अशी मी माझी समजूत घालते. वाचून केली असलीस तर मला सांगू नकोस.

पुस्तकं मुलांनीच गाडीत चढवली, दोन्ही हातांनी धरून. मी नुसती बघत उभी राहिले. नंतर तीन अर्ज केले. "निर्णय झालेला आहे" एवढंच उत्तर. दुकानात ते पुस्तक मिळत नाही, तुम्ही शाळांपुरतंच छापलेलं. आता कुठली दुसरी मुलं ते वाचत असतील, त्यांच्या हातून ओढून घ्या असं कुठल्या तोंडाने म्हणू? परवा वटवटने विचारलं, "बाई, आम्ही थोडी मळवायला हवी होती का?" वीस वर्षं शिकवतेय, तरी वर्गाबाहेर जाऊन रडले.

आमची शाळा आठवीपर्यंतच. शनिवारी यांचा शेवटचा दिवस. मग काही पुढच्या शाळेत जातील, बरीचशी कामाला लागतील. म्हणून लिहितेय. प्रती परत नकोत मला. तुमच्या कचेरीत एखादी असेलच, ती घेऊन ये आणि शेवटची एकोणीस पानं त्यांना वाचून दाखव. जमत नसेल तर शुक्रवारपर्यंत कळव गं, कारण काल त्यांचे चेहरे बघवेनात म्हणून तू येणार असं मी सांगून बसलेय. सही कोणाची होती, ते सांगितलेलं नाही. माझी मैत्रीण येणार, एवढंच सांगितलंय.

तुझीच, अजून रागावलेली,
भांडकुदळ