संदर्भासाठी तुमचं नाव

सर, तुम्ही असता तर हे पत्र आधी कच्चं लिहून आणायला लावलं असतंत, आणि समास सोडला नाही म्हणून एकदा तरी परत दिलं असतंत. मी खुटबावहून रेल्वेनं दौंडला यायचो, तुमच्या टायपिंग क्लासला. पोरं तुमच्याकडे टायपिंगपेक्षा बायोडेटासाठीच जास्त यायची. तुम्ही रेल्वेच्या ऑफिसात आयुष्य काढलेलं, त्यामुळे साहेब लोक कागदावर आधी काय बघतात हे तुम्हाला पाठ होतं. मशिनच्या खडखडाटातही कुणाचं बोट चुकलं ते तुम्हाला कळायचं. मला त्याची भीतीच वाटायची.

एक दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. माझा पहिला बायोडेटा तुमच्या हातात आहे. तळाशी, संदर्भ म्हणून, मी आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं नाव घातलंय. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता. "इचारलंस का त्यांना?" मी म्हणतो, गावचेच आहेत, ओळखतात की. "ओळखत्यात म्हंजी? उद्या कुणी इचारलं, कसा हाय पोरगा, तर काय सांगतील? नाव म्हंजी काय रस्त्यावरचा दगड हाय व्हय, दिसला की उचलला?" आणि सगळ्या क्लाससमोर तुम्ही तो कागद टराटरा फाडता. माझं फक्त रडायचं बाकी राहतं. क्लास सुटल्यावर मात्र तुम्ही मला मागच्या दारानं स्वयंपाकघरात नेलंत. तुमच्या मिसेस, आम्हा पोरांच्या चाची, स्टोव्हवर चहा ठेवत होत्या. "आता माझं नाव घाल," तुम्ही म्हणालात, "पण नीट इचारून." मी उभ्या उभ्या विचारलं. तुम्ही चाचींकडे वळलात. "ऐकलं का, ह्यो माझ्या नावावर नोकरी करणार म्हणतोय." चाची हसल्या. "करू द्या की. पण ईदला तोंड दावत जा रं बाबा. न्हाईतर कुणी इचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

तुमचं नाव घातलेल्या नव्या कागदावर मला शिरूरजवळच्या कारखान्यात नोकरी लागली, स्टोअरमध्ये. पहिल्या दोन ईदला आलो. चाचींनी घरी न्यायला शीरखुर्म्याचा डबा बांधून दिला, तुम्ही नोकरीची खडान्‌खडा चौकशी केलीत. "नोकरी हाय तवाच बायोडेटा नवा करत ऱ्हा, आन् माणसांकडंबी तवाच जा," असं दारापर्यंत येऊन सांगितलंत. तिसऱ्या ईदला माझी शिफ्ट होती. चौथ्याला लग्नाची गडबड होती, मग मुलगी झाली. पुढं पुढं तर मी कारण शोधायचंही सोडून दिलं. शिरूरहून दौंडला जायला दीड-दोन तास लागतात, सर. एवढं काही सातासमुद्रापार नव्हतं.

मग कंपनीनं आमचा विभागच दुसरीकडे हलवला आणि आम्हा सगळ्यांना घरी बसवलं. मुलगी चौथीत होती. बायको सकाळी डबा भरायला उठायची आणि मग आठवलं की पुन्हा आडवी व्हायची. मी जुनी डायरी काढली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोललो नव्हतो त्यांना एकेक फोन लावले. "बोल, काय काम काढलंस?" पलीकडून पहिलं वाक्य हेच यायचं, आणि त्यांचं तरी काय चुकत होतं? शिरूरच्या स्टँडजवळ एका दुकानात जुना बायोडेटा नव्यानं कॉम्प्युटरवर टाइप करून घेतला. ती मुलगी म्हणाली, "खालचं नाव आन् फोन त्योच ठिवू का?" मी घड्याळाकडं बघत म्हटलं, "ठेव तोच."

मुलाखत चांगली झाली. शेवटी साहेबांनी तुमच्या नावावर पेन्सिल ठेवली. "यांच्याकडे फोन केला होता. हे वारले. दोन वर्षं झाली. तुम्हाला माहीत आहे ना?"

मी म्हणालो, "हो सर. दहाव्याला गेलो होतो ना मी."

सवयीनं निघून गेलं तोंडातून. आमच्याकडं माणूस गेला की दहावा, नदीकाठी पिंड, कावळ्याची वाट बघणं. तुमच्यात दहावा असतो का, सर? तुमच्या घरी दोन ईदा जेवलेला माणूस मी. आणि तुमचं नाव तिथं, त्यांच्या पेन्सिलीखाली, चांगलं ठळक टाइप केलेलं. साहेबांनी एकदा नावाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग ते शांतपणे म्हणाले, "त्यांच्या मिसेस होत्या फोनवर. म्हणाल्या, 'त्याला कळलं नसंल साहेब, न्हाईतर आल्याबिगर राहिला नसता. लई सच्चा पोरगा हाय. घ्या त्याला.'"

त्यांनी कागद फाइलला लावला आणि सांगितलं, एक तारखेपासून या.

आज पाच महिने झाले. घरात नोकरी आहे, मुलीची शाळा चालू आहे, डबा पुन्हा भरला जातो. बायकोला सांगितलं, सरांच्या नावावर झालं. पुढचं सांगितलं नाही. स्टँडवर दौंडची गाडी लागलेली दिसते आणि मी दुसरीकडं बघतो. चाचींसमोर कोणत्या तोंडानं बसू? त्या काही विचारणार नाहीत, चहा ठेवतील, आणि तेच मला सहन होणार नाही. हे पत्र त्यांच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण त्या शेजारच्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतील, म्हणून तेही टाकणार नाही.

रडू मला आलं, सर, नाही असं नाही. घरी जाताना एसटीत आलं, खिडकीकडं तोंड करून रडलो. पण खरं सांगायचं तर ते नंतर. तुम्ही गेलात असं साहेब म्हणाले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता त्या जागी कुणाचं नाव घालायचं.