ड्राय रूममधला नारळ

आबा, आज कामावरून घरी आले ती किळस घेऊनच, आणि ती सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचेना. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता चाकणच्या एका बॅटरी कंपनीत इंजिनीअर आहे. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटरीचे इलेक्ट्रोड आम्ही बनवतो. धातूच्या पातळ पत्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा हिरवट काळा लेप द्यायचा. त्याला दमट हवा अजिबात खपत नाही, म्हणून हे काम ड्राय रूममध्ये चालतं. तिथं पाण्याची बाटलीसुद्धा नेता येत नाही. आणि यंदा खंडेनवमीला आमच्या मोठ्या साहेबांनी त्याच खोलीत नारळ फोडला. फोटो चांगला यावा म्हणून इलेक्ट्रोडचा उघडा रोल पुढे ओढला, त्याला ओल्या झेंडूचा हार घातला, पंधरावीस माणसं आत कोंबली. पूजा बाहेर करू, असं मी म्हटलं, तर साहेब म्हणाले, देवाला का दमट हवा बाधते? सगळे खो खो हसले.

त्या रोलचे सेल आता पुरीसारखे फुगलेत. आज मीटिंगमध्ये साहेबांनी कारण शोधून काढलं. लेप चढवणारा लातूरकडचा कंत्राटी कामगार, दोन लेकरांचा बाप. त्याला घाम फार येतो म्हणे, तोच आत उतरला. मला शिसारी आली. उद्यापासून त्याला कामावर घेणार नाहीत.

तुम्ही खंडेनवमीला पिंपरीच्या तुमच्या कंपनीतून पेढे आणायचात. एका वर्षी काळेवाडीच्या स्वयंपाकघरात तुम्ही पुडा ओट्यावर आपटता, मी हात पुढे करते आणि तुम्ही खेकसता, "ठेव ते." मग आईला सांगता, साहेबाच्या चुकीपायी आज हेल्परला गेटबाहेर काढलं. "आन् आमी समदे पेढं घ्यायला रांगेत हुबे." तेव्हा मला तुमचा रागच आला होता, पेढे मिळाले नाहीत म्हणून.

संध्याकाळी तो लातूरकडचा गेटपाशी थांबला होता. "मॅडम, तुमी व्हता की तितं," एवढंच म्हणाला. उद्या अहवालावर माझी सही हवी आहे. त्यात घाम लिहिलाय, नारळ नाही. सही करणार नाही, असं इथं लिहायला काय जातं? हा कागद कुठं धाडायचा नाही, तेच बरं. तुम्ही असता तर हे सांगायला मी आलेच नसते, आबा. तुम्ही विचारलं असतं, मग मीटिंगमध्ये तू काय बोललीस?