न वाचता सही नाही

कल्याण,
ता. २७ नोव्हेंबर २०२५

चि. दौलत यास रंगूताईचा आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे, तुम्ही बाळकुमला बरेच असाल. तुझे सहा फोन आले, मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात मधे तोंड घालता येत नाही.

काल शाळेत संविधान दिन होता. मला काय त्याचं? मला दीडशे पोरांची खिचडी. पण सहावीच्या बाई पोरांना म्हणाल्या, तुमच्या वर्गाचं संविधान तुम्हीच लिहा. मग काय, सुटलीच पोरं! कलम एक, खिचडीच्या रांगेत मुलगे पुढे, मुली मागे हे बंद. कलम दोन, कोणाला चिडवायचं नाही. कलम तीन, करपलेली खिचडी आधी मावशीने खायची. मी झारा घेऊन उठले, तर म्हणतात, "मावशी, मतदान झालंय!"

त्यावर माझीही सही पाहिजे म्हणून ऐश्वर्या नावाची चिमुरडी आली. म्हटलं, "आण गं लवकर, कुठे करू?" तिने कागद पाठीमागे लपवला. "आधी वाचा. कलम चार, न वाचता सही नाही."

"अगं, मी तिसरी शिकलेली. तूच वाच."

"मग तिसरीसारखं वाचा. मी थांबते."

थांबली की रे! तोवर खिचडी खाली लागली, आणि कलम तीनप्रमाणे मलाच खावी लागली.

घरी येऊन तुझा कागद काढला. भाऊबीजेला ओवाळलं तेव्हा साडीवर ठेवलास तो. "ताई, फक्त सही कर, सगळ्या बहिणी करतात." आईनेही मामाला अशीच करून दिलेली. चहा थंड झाला, पण बोट ठेवून सगळा वाचला. बाळकुमच्या जमिनीतला माझा हक्क मी 'राजीखुशीने' सोडते म्हणे. दौलत, मी राजी कधी झाले? मला विचारलंस कधी?

साडी झकास आहे, काल तीच नेसलेले. कागद परत पाठवतेय, सहीची जागा तशीच आहे. रविवारी देवयानीला, पोरांना घेऊन ये. बोंबलाचं कालवण करते, जेवून मग माझ्या वाट्याचं बोलू. नाही आलास तरी पुढच्या भाऊबीजेला तुझा पाट मांडणारच.

आणि सहीला मी घाबरत नाही. हे पत्र दोनदा वाचलं, मग बाबांचं नाव लावून केली.

तुझी ताई,
रंगू शिवराम म्हात्रे