खड्यातला थेंब

रत्नागिरी

प्रिय शमिका,

काल पालीच्या बाजारात तुझी धाकटी बहीण समीक्षा भेटली. ताई फोन उचलत नाही, मुंबईत एका दुकानाच्या काउंटरवर नोकरी धरणार आहे, असे म्हणाली. नोकरी अवश्य कर. पण कुलसुमखालांचा जमुनिया, तो जांभळा खडा, तुझ्या हातात फुटला म्हणून जात असशील, तर आधी तो का फुटला ते नीट समजून घे.

मी दोन्ही तुकडे भिंगाखाली धरले. खालच्या बाजूचे तुझे पैलू इतके नेमके आहेत की प्रत्येक कडा शेजारच्या कडेला एकाच बिंदूत भेटते! पुढे वरची बाजू घासण्यासाठी खडा उलटून दुसऱ्या दांडीला लाखेने चिकटवायचा, आणि लाख धरायची तर खडा तापवावाच लागतो. तू तो हळूहळूच तापवलास. मी शेजारीच उभी होते. पण वरच्या खरखरीत सालीखाली मोहरीएवढी पोकळी होती आणि तिच्यात पाणी! खडा जमिनीच्या पोटात घडत असताना अडकलेला थेंब, माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीचा. तापल्यावर ते पाणी फुगले, त्याला जागा पुरेना, आणि तडा नेमका पोकळीतून गेला. तिचा अर्धा-अर्धा खळगा दोन्ही तुकड्यांवर स्पष्ट दिसतो. वरून साल झाकते, खालून पैलूंची चकाकी फसवते. तिथे मलाही काही दिसले नसते.

हे सारे मी खालांनाही दाखवले. त्यांच्या नवऱ्याने, मजीदचाचांनी, मस्कतहून आणलेल्या जोडीतला एक खडा गेला, त्या रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी रुमालातून दुसरा काढला. मी हात पुढे केला, तर मूठच मिटली. म्हणाल्या, “तुला नाय देत. तुझा हात बरा असंल गो, पण फुटला तेव्हा ती पोर घरी येऊन माझ्या तोंडावर खरं बोलली. हे गेल्यापासनं मला कोणी खरं सांगतच नाय, सगळी जपून बोलतात. ह्यो तिच्याच हाती.”

जोडी एकाच दगडातली, तेव्हा ह्यातही थेंब असेल असेच धरून चालू. लाख नको, न तापवता चिकटणारा गोंद मी आणून ठेवला आहे.

खाला गुरुवारी येणार आहेत. तू येशील असे मी त्यांना सांगितलेले नाही आणि येणार नाहीस असेही सांगणार नाही. तू ये. यायचे नसेल, तर त्यांच्या समोर बसून तूच तसे सांग, आणि मग मुंबईची गाडी धर.

तुझीच,
इफ्फत मॅडम